थोरल्या साडूंचं स्वतःचं चित्र

आमच्या थोरल्या साडूंइतका हट्टी चित्रकार उभ्या सुरतेत दुसरा झाला नसेल. पलसाण्याच्या एका मिलमध्ये ते ट्रेसिंगला होते. म्हणजे मालकानं कुठून तरी आणलेली साडीची नक्षी पारदर्शक फिल्मवर, एकेका रंगाची वेगळी, जशीच्या तशी उतरवायची. अर्ध्या गुजरातच्या बायकांनी त्यांच्या हातची फुलं अंगावर मिरवली असतील. पण ती फुलं दुसऱ्याची, हे शल्य त्यांना जेवतानाही सोडत नसे. स्वतःच्या शैलीचं एक तरी चित्र काढायचं आणि घरातल्या भिंतीवर टांगायचं, एवढाच त्यांचा ध्यास होता.

शैली हवी तर परक्याचा हात आड यायला नको, म्हणून त्यांनी परकी चित्रं पाहणंच सोडलं. उधन्याच्या घरी वाण्याचं कॅलेंडर आलं की आधी त्यावरचा देव कापून काढत आणि तारखा तेवढ्या खिळ्याला लावत. कापलेला देव त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, देव्हाऱ्यात नेऊन ठेवत. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "तुम्हनी शैलीपायी तेहतीस कोटी देव मन्हा घर ऱ्हावाले उनात!" राहायला आलेल्या देवांनी देव्हारा खरंच भरला होता. सिनेमाच्या पोस्टरसमोरून जाताना साडू मान खाली घालत. त्या नादात एकदा सायकलसकट म्हशीवर आदळले, तेव्हा म्हशीनंच समजूतदारपणा दाखवला.

रविवारी मात्र ते कागद पसरून बसत आणि तिथंच त्यांची मिल आडवी येई. साडीवर एकच चौकट पुन्हा पुन्हा छापतात. तिच्या उजव्या कडेला तुटलेलं फूल डाव्या कडेला बरोबर पुरं व्हावं लागतं. जोड लपावा म्हणून सगळ्यात मोठं फूल मुद्दाम कडेवरच धरायचं, अशी रीत. मिलचा मास्तर रोज विचारी, "काका, रिपीट मळी गयुं ने?" म्हणजे, कडा जुळल्या ना? पंचवीस वर्षांत ही जोडणी त्यांच्या मनगटात मुरली होती. गावाकडचा बैल काढला की त्याचं तोंड उजवीकडून बाहेर जाई आणि डावीकडून आत येई. मी विचारायचो, "दादा, हा बैल गावाला निघाला की परत आला?" ते हसत नसत. कागद बाल्दीत बुडवून रंग धुऊन टाकत आणि म्हणत, "हाई मन्हं नई, हाई मिलनं शे." आपण फार विनोदी आहोत असं मला तेव्हा वाटायचं.

पुढं मिलमध्ये कॉम्प्युटर आला आणि साडूंचं काम सुटलं. त्याच वर्षी अक्का गेल्या. त्यांचा धड एक फोटो नव्हता. होता त्यात अर्धा चेहरा पदराआड. साडू आठवून आठवून त्यांचं चित्र काढायला बसले. चार महिन्यांनी मला बोलावून त्यांनी ते पुढं केलं. उजव्या कडेला अक्कांचा अर्धा चेहरा, डाव्या कडेला उरलेला अर्धा आणि मधे सगळी केळीची बाग. "पाहा," ते म्हणाले, "बायकोबी सरळ काढता येत नाही मला." त्यांचे डोळे भरून आले होते. "पुन्हा काढा, जमेल," एवढं म्हणून मी चहा प्यायलो आणि निघालो. अक्कांना बाल्दीत बुडवणं काही त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी तो कागद ट्रंकेखाली सरकवून दिला आणि पुन्हा कधी ब्रश धरला नाही.

दोन वर्षांनी साडूही गेले. त्यांची खोली रिकामी करताना तो कागद मला सापडला. घरी न्यायचा म्हणून रंगाची बाजू बाहेर ठेवून मी गुंडाळी करू लागलो. कडेला कड टेकली आणि अक्का सबंध चेहऱ्यानं माझ्याकडे पाहू लागल्या. जोड कुठं आहे, ते बोट फिरवूनही कळेना. कोण्या चित्रकारानं आपल्या बायकोला असं काढलं असेल? मी खाली बसलो आणि रडलो. हे चित्र फक्त तुमच्याच हातून उतरलं असतं दादा, एवढं एक वाक्य मला त्या दिवशी चहा पिताना सुचायला हवं होतं.