नकाशात नसलेली खिडकी

आमच्या शेजारच्या बाईंना सगळी गल्ली ‘उबवणीबाई’ म्हणते, आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. तीस वर्षं त्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात होत्या. काचेच्या पेटीतली ती मूठभर बाळं सांभाळून निवृत्त झाल्या आणि आठ दिवसांत घरी दुसरी पेटी आणली, कोंबडीची अंडी उबवायची. एका पेटीच्या तीन झाल्या. आता मागच्या खोलीत सहाशे अंडी असतात. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली, की गिऱ्हाइकं खोके घेऊन दारात हजर!

मी घड्याळं दुरुस्त करतो. दुकान घरातच, पुढच्या खोलीत. माझे कान तिखट आहेत आणि जीभ त्याहून तिखट, असं आमच्या घरात म्हणतात. म्हणोत बापडे.

बाईंचा जगात एकच वैरी, वीज. मागच्या थंडीत ती गेली ती दहा तास आलीच नाही. बाईंनी गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, रजया घातल्या, आमच्या घरातल्या शालीसुद्धा नेल्या. सहाशे अंड्यांतली अकरा वाचली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून बाईंचं रडणं ऐकू आलं. “जनरेटर नसेल तर धंदा बंद,” त्या म्हणाल्या. “पुन्हा गार पडलेली अंडी हातात घ्यायची माझी छाती नाही.”

पण आमचा भाग पडला निवासी. इथं धंद्यासाठी जनरेटर बसवायचा तर नगररचना कार्यालयाची परवानगी लागते. आधी फाटकावर नोटीस, मग शेजाऱ्यांच्या हरकती, मग सुनावणी.

नोटीस वाचली आणि माझं डोकंच फिरलं. जनरेटर थेट आमच्या भिंतीलगत! वा रे वा! शाली द्यायच्या आम्ही आणि धूरही खायचा आम्हीच? तीन पानी हरकत खरडली. कान, छाती, झोप, एकही मुद्दा सोडला नाही. शेवटी ठणकावलं, ‘सदर यंत्र माझ्या खिडकीपासून अवघ्या सात फुटांवर येत आहे.’

बायकोला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं कागद चुलीत घातला असता. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खुर्चीत आहे, आणि खुर्ची त्याच खिडकीत. समोर बाईंचं अंगण. नवी पिल्लं निघाली की बाई पहिलं पिल्लू तळहातावर घेऊन खिडकीशी येतात. मग दोघींचं जे सुरू होतं, ते माझं जेवण गार झालं तरी संपत नाही.

सुनावणीला अधिकारी होत्या एक तरुण मॅडम. त्यांनी दोन्ही घरांचे मंजूर नकाशे टेबलावर पसरले, माझी तीन पानं वाचली आणि विचारलं, “काका, कुठली खिडकी?”

“ही काय!” म्हणून मी ऐटीत बोट ठेवलं. बोटाखाली सलग भिंत.

अहो, ती खिडकी मीच एका रविवारी गवंडी बोलावून फोडली होती. खोलीत कोंडून पडलेल्या बायकोला चार माणसं दिसावीत म्हणून. तेव्हा परवानगी काढायचं कुणाच्या डोक्यात येतं? आणि आता मीच सही करून ते सरकारला कळवलं होतं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायलाही अक्कल लागते, ती माझ्याकडे भरपूर.

“खिडकी नसेल तर तुमची हरकत निकालात,” मॅडम म्हणाल्या. “असेल तर विनापरवाना आहे, महिन्याभरात बुजवायची. आणि खिडकीपासून वीस फुटांच्या आत जनरेटरला मी मंजुरी देऊ शकत नाही. बाई, तुम्हीच सांगा. आहे का खिडकी?”

बाईंनी एक ‘नाही’ म्हटलं असतं तर परवानगी त्यांच्या पिशवीत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

“आहे,” बाई म्हणाल्या.

झालं! आता घरी बायकोला काय सांगू?

“आहे, आणि ती राहू द्या. तिथं आमच्या वहिनी बसतात. यंत्र मी पलीकडे नेते, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला.”

“मग सगळा आवाज तुमच्याच डोक्यावर.”

“तीस वर्षं बाळांची रडणी ऐकलीत, मॅडम. यंत्र बिचारं रडून रडून किती रडणार?”

मॅडम हसल्या. म्हणाल्या, खिडकी ज्यांच्या अंगणात उघडते त्यांची लेखी संमती असेल तर ती नकाशात घेता येईल. बाईंनी तिथल्या तिथं लिहून दिली. पेन माझंच मागून घेतलं. मी ओशाळून माझी तीन पानं परत मागितली, तर ती म्हणे दफ्तरी लागली. हरकत मागं घ्यायलाही अर्ज लागतो. केला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बाईंना चहाला बोलवा. आणि चहा तुम्ही करायचा.”

महिन्याभरात परवानगी आली, जनरेटर बसला. परवा भर दुपारी वीज गेली. बाईंच्या अंड्यांचा विसावा दिवस. मी एक घड्याळ उघडून बसलो होतो. भिंतीपलीकडचे पेट्यांचे पंखे थांबले. एक मिनिट गेलं, दोन गेली, जनरेटरचा आवाज नाही. तीन! माझा जीव राहीना. घड्याळ तसंच टाकून मी धावलो, बायकोच्या खुर्चीशेजारून खिडकीबाहेर अर्धा वाकलो आणि ओरडलो, “अहो बाई, सुरू करा की! पिल्लं गारठतील!”

“थांबा हो भाऊ, दोरी अडकलीय!” पलीकडून आवाज आला. “आणि तुमची हरकत नाही ना?”

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला हसू येईना, मी नुसता कान देऊन उभा. एक आचका, दुसरा, आणि मग धडधड सुरू झाली.

“येतोय का तिकडे आवाज?” बाईंनी विचारलं.

“येतोय!” मी ओरडलो. “चांगला येतोय, बाई! चालू द्या!”