तांडेलाची ठकी

मालवाहू बार्ज चालवणाऱ्या तांडेलाचं बिऱ्हाड त्या बार्जवरच होतं. विटा आणि सिमेंट भरून नदीने वर जायचं, रिकामं खाली यायचं. ठकी दीड वर्षाची असताना तिची आई तापाने गेली. तेव्हापासून बापाचा एक डोळा सुकाणूवर आणि एक पोरीवर. ती पाण्यात पडू नये म्हणून तिच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक तो खांबाला अडकवायचा. चौथ्या वर्षी दोर सुटला, तोवर पोर दोरशिडीवर खारीसारखी चढायला लागली होती. भल्याभल्यांना न सुटणाऱ्या गाठी ती चुटकीसरशी सोडवायची. तांडेलाला तिचं कोण कौतुक!

सहाव्या वर्षी तो तिला धक्क्याजवळच्या शाळेत घेऊन गेला. बाईंनी मैदानात सगळ्यांना पळायला सांगितलं. ठकी आठ पावलं पळाली, गर्रकन वळली आणि आठ पावलं परत आली. पुन्हा तेच. पोरं खो खो हसली. बार्जवर मालातून उरलेली मोकळी जागा बरोबर तेवढीच होती.

"पायात काही खोट नाही हो," बाई म्हणाल्या. "हात तर सोन्यासारखे आहेत. पण पळायला जमीन लागते, सोबतीला पोरं लागतात."

त्याची बहीण शाळेमागेच राहायची. ती म्हणाली, "दादा, राहू दे तिला माझ्याकडे. तुझा तिच्यावर जीव आहे, मला काय माहीत नाही? पण तिचं अंगण कुठून आणशील तू?"

त्याने ठकीचे चार फ्रॉक पिशवीत भरले.

मग बार्जवर उरला तो आणि इंजिनवाला म्हातारा. म्हातारा कानाने ठार बहिरा. दिवसचे दिवस तांडेलाच्या तोंडून शब्द निघायचा नाही. पंधरा दिवसांनी तो बहिणीकडे जायचा. आधी ठकीचे गुडघे फुटलेले दिसायचे. चार महिन्यांनी ती मैत्रिणींबरोबर मैदानाच्या पार टोकाला पळत गेली, दिसेनाशी झाली. हाक मारायला त्याने हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

सुट्टीत ती बार्जवर आली. पहिल्याच दिवशी तिला ओकारी झाली. कठडा घट्ट धरून ती म्हणाली, "बाबा, ही सारखी हलते का हो?"

तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

तिसऱ्या दिवशी तिने हळूच विचारलं, "आत्याकडे कधी जायचं?"

"उद्या," तो म्हणाला. खरं तर आठवडाभर राहायचं ठरलं होतं.

धक्क्यावर आत्या दिसताच ठकी फळीवरून उडी मारून सुसाट सुटली. अर्ध्या वाटेत तिला काहीतरी आठवलं. ती थांबली, वळून तिने जोरजोरात हात हलवला आणि पुन्हा पळाली. तांडेलाने तिची पिशवी उचलली आणि सावकाश तिच्या मागून निघाला. चहा घे म्हणून बहिणीने आग्रह केला, पण माल भरायचाय असं सांगून तो दारातूनच परतला. माल परवा भरायचा होता.