भावाच्या जॅझमधली भैरवी

धाकट्या भावाचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी सांगलीत घरी बारावीचे पेपर तपासत होते. एका जुन्या संगीत नाटकातली सगळी पदं तो जॅझमध्ये रेकॉर्ड करत होता. सॅक्सोफोन त्याचा, पियानो, डबल बास आणि ड्रम वाजवायला पुण्याची मुलं. एक सोडून सगळी पदं झाली होती.

"आक्का, शेवटची भैरवी तुज्या वहीत आसंल की. पुस्तकातली चाल लय कोरडी वाटतीया. तुज्या गुरुजींच्या कंपनीत निराळी गायचे म्हनं."

"नाही माझ्याकडे," मी म्हणाले.

वही समोरच्या कपाटात होती.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. पदवीमुळे सांगलीत नोकरी मिळाली आणि नोकरीमुळे गुरुजी भेटले. ते नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत. पायाने भाता हलवायचा, हाताने पट्ट्या दाबायच्या आणि नजर गाणाऱ्याच्या तोंडावर ठेवायची. अकरा वर्षं दर गुरुवारी त्यांनी मला शिकवलं, एक रुपया घेतला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण "चुकलं नाही" यापलीकडे त्यांच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नव्हतं.

भाऊ दहावी नापास. पलटणीत भरती झाला, बँडमध्ये घेतला गेला आणि तिथेच वाजवायला शिकला. निवृत्त होऊन आला, हे रेकॉर्डिंग काढलं आणि पेपरात फोटो आला. आमच्या प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमचाच भाऊ ना? गॅदरिंगला पाहुणे म्हणून आणा की." त्याच गॅदरिंगला मला कुणी कधी वाजवायला सांगितलं नव्हतं.

माझं खोटं चार दिवस टिकलं. भाऊ मोटरसायकलवरून थेट गुरुजींकडे गेला. त्यांचं वय झालंय. गाऊन दाखवायला लागले, पण अंतऱ्याला चाल आठवेना. ते म्हणाले, "बहिणीला विचार. तिला मी दिली आहे."

तिथून तो माझ्या दारात.

"व्हय गं आक्का, वही काय उंदरानं खाल्ली?" तो हसत होता. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"देते," मी म्हणाले. "पण ऑर्गन मी वाजवणार. आणि मी म्होरं, तू मागं."

"बरं की. तू म्हनशील तसं."

टेम्पोत माझा ऑर्गन घालून साताऱ्याला नेला. रेकॉर्डिंग एका मंगल कार्यालयात होतं. रिक्षांचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या. ड्रमवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, आम्ही कुठं सुरू करायचं?"

"माझ्याकडं बघा," मी म्हणाले.

दोन वेळा वाजवलं. दोन्ही वेळा मी पुढे होते आणि एकही सूर चुकला नाही. भाऊ कबूल केल्याप्रमाणे मागे राहिला. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ "छान" म्हणाले. सुवाच्य अक्षर काढणाऱ्या मुलांना मी असंच छान म्हणते.

तिसऱ्या खेपेला मुखडा संपता संपता भावाने डोळे मिटले आणि कोमल रिषभावर थांबला. थांबलाच. माझी नजर आपसूक त्याच्या गालांवर गेली. त्याने श्वास घेतला की मी जागा भरायची, तो वाजवायला लागला की पट्ट्यांवरचा जोर कमी करायचा. गुरुजींनी हेच शिकवलं होतं. मी त्याच्या मागे कधी गेले ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा पद संपत आलं होतं, आणि पुढे जावंसं हातांना वाटत नव्हतं.

"हाच ठेवू," गृहस्थ म्हणाले. या वेळी छान म्हणाले नाहीत.

"आक्का, तू हुतीस म्हनून झालं बघ," भाऊ म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं. मी पाय दुखत असल्याचं सांगून बाहेर जाऊन बसले.

पुढच्या गुरुवारी मी गुरुजींकडे जाऊन ते फोनवर लावून ऐकवलं. शेवटपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "साथ उत्तम केलीस. कुठेही त्याच्या पुढे गेली नाहीस."

उत्तम. मी वाकून नमस्कार केला. डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. तरी मला राहवलं नाही.

"गुरुजी, आधी दोनदा मी पुढं राहून वाजवलंय. तेही आहे."

"ऐकव."

निम्मं झाल्यावर त्यांनी हात वर केला. "पुरे. मघाचं आहे तेच राहू दे."

मी फोन बंद केला. गुरुजींना आवडलं हे भावाला लगेच कळवायला हवं होतं. त्यांचं मत काय, हे तो रोज विचारत होता. मी रविवारी कळवलं.