बिनव्हिशाचे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात नसेल, आणि असलाच तर तो यांच्याकडे शिकवणीला येत असेल. माझ्या नवऱ्याचे हे धाकटे मामा डँडेनॉन्गला आमच्याकडे राहायला आले, यथावकाश सिटिझनही झाले, पण स्वभाव काही विमानतळावर ठेवून आले नाहीत. उभा जन्म तिकडे नगरपालिकेच्या खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेला, त्यामुळे भिंतीवरच्या पाटीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आमच्या काउन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, लायब्ररीच्या दारात पाटी लावली होती, की इथे सगळ्यांचं स्वागत आहे, कुणाला व्हिसा विचारला जात नाही आणि कुणाची माहिती बाहेर जात नाही. आम्ही वाचली, बरं वाटलं, पुढे गेलो. मामा तिथेच उभे. म्हणाले, "पाटी रंगवायला काय जातं? खिडकीतला माणूस काय बोलतो ते बघायचं."

आणि बघायला निघालेसुद्धा. मी आमटीचं मीठ चाखून बघते तशी त्यांनी काउन्सिल चाखायला घेतली. लायब्ररी झाली, पोहण्याचा तलाव झाला, जुन्या गाद्या उचलून नेणारं ऑफिस झालं. प्रत्येक काउंटरवर एकच प्रश्न, कॉलर नीट करून, आवाज खाली आणून: "माझ्या एका मित्राकडे व्हिसा नाही. चालेल का?" आता असं विचारणाऱ्याचा मित्र कोण असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. लायब्ररीतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी यांच्याकडे पाहिलं, अंगातला विरलेला स्वेटर पाहिला (नवे मी कपाटात रचून ठेवलेत, पण घालायचे कोणी) आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या दिवसापासून मामा काउन्सिलच्या लेखी बिनव्हिशाचे झाले.

मग काय विचारता. मामा कधी ब्लँकेट घेऊन येत, कधी टोमॅटो सूपचे डबे. मंगळवारी त्यांना इंग्लिश संभाषणाच्या वर्गात बसवलं, तर ते शिक्षिकेलाच सरकारी अर्ज कसा लिहावा ते शिकवून आले. फुकट वकिलाची भेट ठरली, ती ते पुढे ढकलत राहिले. मी लाजेने अर्धमेली. ब्लँकेटं आणि डबे गुपचूप दान करून यायचं काम माझ्याकडे. शेवटी म्हटलं, "मामा, सिटिझन आहात म्हणून सांगून टाका ना एकदा." तर मलाच विचारतात, "परीक्षा चालू असताना पेपर फोडतात का, सूनबाई?" यावर माझी लेक म्हणते, "चिल, मम." आजोबा आणि नात एका माळेचे मणी.

आमच्या मागच्या युनिटमध्ये, म्हणजे त्याच आवारातल्या मागच्या घरात, सीता राहायची. नेपाळहून शिकायला आलेली पोर. कॉलेज सुटलं, व्हिसा संपला, नवरा लांब कुठेतरी शेतावर कामाला, आणि मांडीवर तान्ही मुलगी. त्या मुलीला एकही लस टोचलेली नव्हती. काउन्सिलच्या लसीकरणाला नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि पत्ता दिला की दारात इमिग्रेशनची गाडी येणार, याची सीताला खात्री. त्यात हिवाळ्यात आसपासच्या पोरांना डांग्या खोकला सुरू झाला. मी तिला पाटीचा फोटो दाखवला, काउन्सिलची वेबसाइट वाचून दाखवली. ती मान हलवायची आणि दार लावून घ्यायची. ते बाळ जरा खोकलं की मी हातातलं काम टाकून मागच्या खिडकीशी जायचे.

एका सकाळी मामा तिच्या दारात जाऊन उभे राहिले, अंगात तोच स्वेटर. म्हणाले, "बेटी, दो साल से ये लोग समझते हैं कि मेरे पास व्हिसा नहीं है. मेरा नाम मालूम, मेरा घर मालूम. तू तो पीछे ही रहती है. कभी कोई गाडी आयी?"

सीताने आमच्या दाराकडे पाहिलं. गाडी आली नव्हती. तिच्या खिडकीतून आमचंच दार दिसतं, आणि भीतीने ती दिवसभर त्या खिडकीशीच बसलेली असायची. तिच्याइतकं हे पक्कं कुणाला ठाऊक असणार? तिने मुलीला शालीत गुंडाळलं आणि चपला घातल्या. काउन्सिलच्या हॉलमध्ये नर्सने बाळाचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता विचारला, बाकी काही नाही. सुई टोचल्यावर पोरीने टाहो फोडला, सीताही रडली, मीही रडले. मामा तेवढे ताठ उभे. "पास," ते म्हणाले. नर्सला वाटलं बाळाबद्दल बोलतायत.

आता मामा त्यांच्या लेकीकडे, ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला गेलेत. तिथल्या काउन्सिलचं आता काही खरं नाही. परवा त्यांचं इथे राहिलेलं पुस्तक परत करायला मी लायब्ररीत गेले. त्याच बाईंनी स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि पुस्तक हातातच धरून ठेवलं. "ते बरेच दिवस दिसले नाहीत," एवढंच म्हणाल्या. त्यांना धरून नेलं का, हे विचारायचा त्यांना धीर होईना. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं काय ते सांगून मी मोकळी होणार होते. पण त्यांनी ते पुस्तक छातीशी धरलं.

"ही इज विथ हिज डॉटर," मी म्हटलं. "ऑल सॉर्टेड. नो वरीज."

त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "आय नेव्हर टोल्ड अ सोल, लव्ह."

बाहेर येऊन मी मामांना फोन लावला. "काय झालं, सूनबाई?" त्यांनी विचारलं. "लायब्ररीतल्या बाई पास, मामा," मी म्हटलं.