बाळंतिणीची शेगडी

माझं बाळंतपण माहेरी, कोरेगावला झालं. ऐन थंडीत. बाळंतिणीला वारं लागू नये, यावर माझ्या आईचं आणि इस्लामपूरहून मुक्कामाला आलेल्या सासूबाईंचं एकमत होतं. बाकी कशावरही नव्हतं. आईनं खिडक्या लावल्या की सासूबाई फटींत चिंध्या कोंबायच्या. सासूबाईंनी बाजेखालच्या शेगडीत कोळसे घातले की आई वर आणखी चार घालायची. माहेरी ऊब कमी पडली असं कुणी म्हणायला नको! मी मधे भरताच्या वांग्यासारखी भाजत पडलेली.

एका सकाळी तिघींचीही डोकी ठणकायला लागली. मला मळमळत होतं, उठलं की भोवळ. बाळ मात्र गाढ झोपलेलं. पाजायला घेतलं तर तोंड उघडेना, तळपायाला टिचकी मारली तरी हलेना.

"लय गुणी हाय गं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. मी बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला.

"आवं विहीणबाई, दिष्ट लागलीया सगळ्यास्नी," आईनं निदान केलं आणि मीठ-मोहऱ्या, लाल मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट खरी, असा आमच्याकडचा हिशेब.

ठसका लागला. असा लागला की दोघी विहिणी एकदमच दारात घुसल्या आणि तिथंच अडकल्या. बाळाला शालीत गुंडाळून मी दोघींना मागून ढकललं. सगळ्या अंगणात.

"ठसका आला! म्हंजी दिष्ट न्हाई!" आई खोकत ओरडली.

"मग डोस्की कशानं दुखत्यात?" सासूबाई.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "खोलीत शेगडी आहे?" मग, "बाळ रडतंय का?" नाही म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. आत पाऊल टाकू नका, बाळाला घेऊन असेच निघा.

आम्ही तशाच रिक्षात बसलो. मी भयंकर घाबरले होते. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं रिक्षाचे पडदे वर बांधले, आईनं बाळाच्या तोंडावरची शाल काढली. बोचरं वारं आत आलं. बाळानं नाक मुरडलं, डोळे उघडले आणि टाहो फोडला.

"रड रं माझ्या राजा, आनि रड!" सासूबाई म्हणाल्या.

दवाखाना येईपर्यंत आम्ही चौघंही भोकाड पसरून रडत होतो.