गोंदणासकट फोटो

शेजारच्या सुषमाला फोटोंची भारी हौस. प्रदर्शनात लावायला तिने माझा फोटो काढला, कॉम्प्युटरवर साफ केला आणि दाखवायला आणला. चेहरा माझाच, पण हनुवटीवरचं गोंदण गायब.

"काकू, डाग होते, ते काढून टाकले."

"डाग? जत्रेत सुया टोचून घेतल्यात मी! हा फोटो लावायचा नाही."

ती हिरमुसली. मग हसली आणि नव्या फोटोसाठी मला दारातल्या उन्हात बसवून नुसती बघत राहिली. माणसाकडे नीट बघितलं नाही की गोंदणही डागच वाटतं. तेवढ्यात नाकावर माशी बसली, मी माशीवर खेकसले आणि सुषमाने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

फोटोत मी भांडायला निघालेली दिसते. म्हटलं, "हाच लाव. गल्लीतले घाबरतील, पण मला ओळखतील तरी."