बॅगेवरची मेथी

आज सकाळी आई माझ्या बॅगेवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. नवरा परदेशात, त्याच्याकडे जायला लग्नानंतर लगेच भरलेली ही बॅग. व्हिसा काही येईना. हॉलमध्ये उभी असलेली बॅग कुणीतरी आडवी केली आणि बघता बघता तिचं टेबल झालं.

"आई, ती बॅग आहे!" मी ओरडले.

"तू निघालीस की उचलते ना," आई म्हणाली.

राग आईवर नव्हताच. पण व्हिसावाल्यांवर ओरडायचं कुठे? त्यांचं आपलं एकच, 'प्रक्रिया सुरू आहे.' इथे माझी ओटी भरून झाली, निरोप देऊन झाला, म्हणून वहिनीनं माझ्या कपाटात मुलांचे कपडे लावले. तिची तरी काय चूक? आणि तिकडे नवऱ्यानं अर्धं कपाट रिकामं ठेवलंय. स्वतःचे शर्ट खुर्चीवर टाकतो, पण तिथे लावत नाही. काल व्हिडिओ कॉलवर त्यानं ते मोकळे हँगर कौतुकानं दाखवले, तर मी त्याच्यावरही डाफरले.

अंघोळीला जायचं होतं. मेथी खाली ठेवून बॅग उघडली. वरचा जाड लोकरी कोट बाजूला केला, खालचा सुती कुर्ता काढला, कोट होता तसा ठेवला. बॅग बंद केली.

आणि मेथी मीच परत बॅगेवर ठेवली.